मेकफाइलपासून कॉन्फिगरपर्यंत

युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात प्रोग्राम कम्पाइल करण्याचे काम एकेक आज्ञा देऊन किंवा लहान शेल स्क्रिप्ट चालवून होई. बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ एकदा नसलेली चूक शोधण्यात गेली. दुरुस्ती झाली होती, फक्त दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कम्पाइल करायची राहिली होती. हा त्रास संपवण्यासाठी त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' लिहिले. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते 'मेकफाइल'मध्ये मांडून ठेवायचे. बदललेल्या फाइली कोणत्या, हे मेक त्यांच्या वेळा पाहून ठरवते आणि गरजेपुरतेच पुन्हा कम्पाइल करते. आज्ञेची ओळ मात्र टॅबनेच सुरू व्हावी लागते. तिथे स्पेस पडल्या, तर ओळ दिसते तशीच, पण मेक अडून बसते. ही खोड फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आली. पण तोवर डझनभर लोक मेक वापरत होते, त्यांची घडी मोडू नये म्हणून त्यांनी ती राहू दिली. ती आजही आहे.

ऐंशीच्या दशकात सन, एचपी, आयबीएम अशा प्रत्येकाचे युनिक्स वेगळे झाले आणि एकीकडची मेकफाइल दुसरीकडे चालेना. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ सुरू केले. त्यातून निघणारी 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट छोटे चाचणी-प्रोग्राम कम्पाइल करून त्या यंत्रावर काय आहे, काय नाही ते तपासते आणि त्यानुसार मेकफाइल बनवते. पुढे ऑटोमेक आणि लिबटूलही आले. सॉफ्टवेअर घेणाऱ्याचे काम खरोखरच सोपे झाले, हे श्रेय या साधनांना द्यायलाच हवे. लिहिणाऱ्याला मात्र सी भाषेबरोबर शेल, एम-फोर ही मॅक्रो-भाषा आणि मेकही शिकावे लागले. कॉन्फिगर स्क्रिप्ट हजारो ओळींची होई आणि ती यंत्रानेच लिहिलेली असल्याने कोणी वाचत नसे.

मार्च २०२४ मध्ये याच न वाचण्याचा फायदा घेतला गेल्याचे उघड झाले. 'एक्सझेड' या डेटा-संकुचन लायब्ररीच्या देखभालीत शिरकाव केलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एसएसएच या दूरस्थ लॉगिनच्या साधनाला भेदणारी चोरवाट पेरली होती. घातक भाग चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता. कॉन्फिगर चालताना तो बाहेर काढणारी एम-फोर फाइल सार्वजनिक कोडसाठ्यात नव्हती, फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होती. एसएसएचने लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस-विकसकाच्या लक्षात आले आणि शोध घेता घेता ते या फाइलीपर्यंत पोहोचले. तोवर त्या आवृत्त्या डेबियन या लिनक्स वितरणाच्या चाचणी शाखेत गेल्या होत्या. स्थिर शाखेत अजून गेल्या नव्हत्या.