भायखळा तुरुंगातील प्लेग लस चाचणी

भायखळा तुरुंगातील प्लेग लस चाचणी ही जानेवारी १८९७ च्या अखेरीस मुंबईत घेण्यात आलेली, प्लेगप्रतिबंधक लशीची माणसांवरील एक आरंभीची तुलनात्मक चाचणी होय. शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी तयार केलेली लस स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना टोचण्यात आली आणि लस न घेतलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. या चाचणीने लशीची उपयुक्तता दाखवली. त्याचबरोबर बंदिवानाची संमती कितपत मुक्त मानावी, हा प्रश्नही उपस्थित केला.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. साथ वेगाने पसरली आणि लोक मोठ्या संख्येने शहर सोडून जाऊ लागले. ओडेसा येथे जन्मलेले हाफकिन यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत असताना १८९२ मध्ये कॉलऱ्याची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. १८९३ पासून ते भारतात कॉलरा प्रतिबंधाचे काम करीत होते. सरकारच्या विनंतीवरून ते ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन सुरू केले.

लस

मांसाच्या रसात प्लेगचे जंतू वाढवले जात. द्रवाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडल्यास त्यांच्या आधाराने जंतूंची भरपूर वाढ होते, असे हाफकिन यांना आढळले. वाढलेले जंतू उष्णतेने मारून त्यात कार्बोलिक आम्ल मिसळले की लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी या लशीची १० घन सेंटिमीटर मात्रा स्वतःला टोचून घेतली. ही मात्रा पुढे इतरांना देण्यात आलेल्या मात्रेपेक्षा बरीच मोठी होती. त्यांना ताप आला व वेदना झाल्या. परंतु गंभीर अपाय झाला नाही. त्यानंतर शहरातील इतर काही जणही लस घेण्यास पुढे आले.

चाचणी

जानेवारीच्या अखेरीस भायखळा तुरुंगातच प्लेगचा शिरकाव झाला. ३० जानेवारी रोजी तेथील कैद्यांपुढे लस घेण्याचा पर्याय ठेवण्यात आला. सुमारे निम्म्या कैद्यांनी ती घेतली, उरलेल्यांनी घेतली नाही. दोन्ही गट एकाच आवारात राहत होते. त्यामुळे तुलना शक्य झाली. पुढील काळात लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि त्यांतील ६ जण दगावले. लस घेतलेल्यांपैकी २ जण आजारी पडले, मात्र त्यांच्यात मृत्यू झाला नाही. टोचणीच्या दिवशीच ज्यांना रोग जडलेला आढळला, त्यांचा या तुलनेत समावेश नाही.

मर्यादा

संख्या लहान होती. शिवाय कोणी कोणत्या गटात जावे, हे कैद्यांनी स्वतः ठरवले होते. लस घेणारे मुळातच अधिक सुदृढ असतील, तर फरकाचे सारे श्रेय लशीला देता येत नाही. १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंढेरा गावी प्रत्येक कुटुंबातील निम्म्या व्यक्तींना लस देऊन हा दोष कमी करण्याचा प्रयत्न झाला. आजच्या चाचण्यांत गटांची विभागणी यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केली जाते.

संमतीचा प्रश्न

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा लागू झाला. घरांची झडती, रोग्यांना सक्तीने हलवणे यांमुळे जनतेत तीव्र असंतोष होता. लस टोचणे मात्र ऐच्छिक ठेवण्यात आले. तिसरे आगाखान यांनी आपल्या खोजा अनुयायांच्या मनातील भीती जावी म्हणून स्वतः जाहीरपणे लस टोचून घेतली. आगाखानांचा निर्णय आणि कैद्याचा निर्णय यांना एकाच मापाने मोजता येत नाही. कैद्याला नकार देता येत होता, हे लस न घेतलेल्यांच्या संख्येवरून दिसते. पण साथ शिरलेल्या त्या आवारातून निघून जाण्याची मोकळीक त्याला नव्हती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या आजच्या मार्गदर्शक तत्त्वांत कैद्यांची गणना विशेष संरक्षणाची गरज असलेल्या व्यक्तींमध्ये केली जाते.

नंतरचा काळ

१८९९ मध्ये परळ येथील जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. १९२५ मध्ये तिला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. त्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले.

भारतात लस चाचणीतील स्वयंसेवकांचे हक्क आता नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम, २०१९ यांनी निश्चित केले आहेत. लेखी माहितीपूर्ण संमती, नीतिशास्त्र समितीची पूर्वपरवानगी, कारण न देता कधीही माघार घेण्याची मुभा आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई या त्यांतील प्रमुख तरतुदी होत. ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यात कोविशिल्ड लशीच्या चाचणीसाठी स्वयंसेवक पुढे आले, ते याच नियमांच्या चौकटीत.

हेही पहा

वाल्देमार हाफकिन
हाफकिन संस्था
मुंबईतील प्लेगची साथ