औषधांचा पुनर्वापर : दुर्मीळ आजारांसाठी

एका आजारासाठी मान्य झालेले औषध दुसऱ्या, दुर्मीळ आजारावर चालेल का, याचा जनुके, प्रथिने व औषधे यांच्या माहितीसाठ्यांतून संगणकाने घेतलेला शोध. दुर्मीळ आजार सुमारे ७,००० मानले जातात आणि त्यांतील बहुतेकांवर मान्यताप्राप्त औषधच नाही. रुग्ण थोडे असल्याने नवे औषध घडवण्याचा खर्च सहसा कोणी उचलत नाही. जुन्या औषधाची मात्रा आणि दुष्परिणाम मात्र आधीच माहीत असतात.

आजार नावाने नव्हे, तर पेशीतल्या बिघाडाने ओळखायचा, हे या शोधाचे मूळ सूत्र. आजारी पेशीत कोणती जनुके अति काम करतात आणि कोणती मंदावतात हे नोंदवून, त्याच्या नेमका उलट परिणाम घडवणारे औषध हुडकले जाते. अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूटने २००६ मध्ये १६४ संयुगांचे असे परिणाम ‘कनेक्टिव्हिटी मॅप’मध्ये एकत्र केले.

सिरोलिमसची कहाणी बोलकी आहे. ईस्टर बेटावरील मातीतल्या जिवाणूपासून सुरेन सेहगल व सहकाऱ्यांनी ते वेगळे केले. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे औषध पेशींच्या वाढीची सूत्रे सांभाळणाऱ्या ‘एमटॉर’ प्रथिनाला आवर घालते. लॅम या प्रामुख्याने स्त्रियांना होणाऱ्या फुप्फुसविकारात टीएससी जनुकांतील दोषामुळे एमटॉर मोकाट सुटते, हे जनुकीय अभ्यासातून कळले, आणि पुढची पायरी उघड झाली. ८९ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले : औषध न मिळालेल्यांची श्वासक्षमता दरमहा सुमारे १२ मिलिलिटरने घटत होती, औषध घेणाऱ्यांची जवळपास स्थिर राहिली. औषध थांबवल्यावर घसरण पुन्हा सुरू झाली. लॅमसाठी २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

कॅसलमन या लसीकाग्रंथींच्या दुर्मीळ आजारात शोधाची सूत्रे रुग्णाच्याच हाती होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकताना डेव्हिड फाइगनबॉम यांना या आजाराने गाठले. उपचार चालेनासे झाले तेव्हा त्यांनी स्वतःचेच रक्तनमुने तपासले. टी-पेशी चेतलेल्या होत्या आणि रक्तवाहिन्या वाढवणारे एक प्रथिन चढलेले होते. हे दोन्ही धागे एमटॉरकडे जात होते. २०१४ मध्ये त्यांनी सिरोलिमस सुरू केले. पुढे २०२२ मध्ये त्यांनी औषधांच्या अशाच पुनर्वापरासाठी ‘एव्हरी क्युअर’ ही ना-नफा संस्था सहसंस्थापक म्हणून उभारली.

संगणकाचे उत्तर म्हणजे उपचार नव्हे. फिटसाठीचे टोपिरामेट आतड्यांच्या दाहावर चालेल, असा अंदाज २०११ मध्ये जनुकनोंदींवरून बांधला गेला. उंदरांत तो खरा ठरला, पण रुग्णांच्या नोंदींत पुढे फायदा दिसला नाही. म्हणून चाचणी अटळ. तिथेच घोडे अडते, कारण पेटंट संपलेल्या औषधाच्या चाचणीत कंपनीला नफा नसतो. भारतात सिरोलिमसची जेनेरिक रूपे मिळतात; प्रश्न उरतो तो चाचणीसाठी रुग्ण जमवण्याचा. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. विखुरलेले रुग्ण अशा केंद्रांत एकत्र येतात, तेव्हाच चाचणीपुरती संख्या जमू शकते.