धा, ता आणि बुडालेलं मशीन

आंबेगाव तालुक्यात जुनं आंबेगाव नाही. घोड नदीवर डिंभे धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं. तालुक्याच्या कचेऱ्या घोडेगावात आहेत, नाव तेवढं आंबेगावचं राहिलंय.

सॉफ्टवेअरचंही असंच होतं. प्रोग्रामचं नाव राहतं, फायली राहतात. तो ज्या मशीनवर चालायचा ते मशीन मात्र बुडालेलं असतं. गेले काही महिने मी अशाच एका प्रोग्रामच्या मागे लागलोय. त्याचं नाव बोल प्रोसेसर. तबल्याचे बोल रचणारा हा प्रोग्राम वयाने माझ्यापेक्षा मोठा आहे.

गोष्ट १९८०च्या दशकातली. जिम किपेन हा ब्रिटिश संशोधक लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होता. बर्नार्ड बेल हा फ्रेंच संगणकतज्ज्ञही तेव्हा भारतातच होता. दोघांनी मिळून अ‍ॅपल II घराण्यातल्या छोट्या संगणकाला बोल शिकवायला घेतले. त्याची मेमरी किलोबाइटमध्ये मोजायची. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा एक फोटोही त्यात जेमतेम मावला असता. कीबोर्डची एकेक कळ एकेका बोलाला दिली, म्हणजे उस्तादांनी बोल म्हणायचे आणि इथे लगेच टाइप करायचे.

नुसतं टाइप करणं एवढाच हेतू नव्हता. तबल्यात ‘कायदा’ हा रचनेचा एक प्रकार असतो. आधी मूळ बोल वाजवायचे, मग तेच बोल उलटसुलट करून विस्तार करायचा. हा विस्तार मनमानी नसतो. उदाहरणार्थ, भरीच्या भागात ‘धा’ आला, तर खालीच्या भागात त्या जागी ‘ता’ येतो, ‘गे’चा ‘के’ होतो. म्हणजे डग्ग्याची घुमार काढून घ्यायची. कॉम्प्युटर सायन्स शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. एका चिन्हाच्या जागी दुसरी चिन्हं लिहीत जायची, हे व्याकरणाचे नियम झाले. बोल प्रोसेसर असे नियम घेऊन नवे विस्तार काढायचा. आणि उलटही करायचा: वाजवलेला तुकडा या नियमांत बसतो का, ते तपासायचा.

पण खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. मशीनने काढलेला विस्तार उस्तादांना ऐकवायचा. ते पसंत करतील तर ठीक, नाही तर नियम बदलायचे. पुढे बेल आणि किपेन यांनी एक वेगळा प्रोग्रामही केला. तो उदाहरणांवरून स्वतःच नियम ताडायचा आणि जाणकाराला विचारून खात्री करून घ्यायचा. त्याचं नाव ‘कवाइद’. उर्दूत या शब्दाचा अर्थ व्याकरण, आणि तो मूळचा ‘कायदा’चंच अनेकवचन. आपली पी.टी.च्या तासाची कवायत त्याच घरातली. आज आपण ज्याला मशीन लर्निंग म्हणतो, त्याची ही छोटी आवृत्ती होती. फरक एवढाच, की इथे शिकवणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढची पिढी, म्हणजे बीपी२, मॅकिंटॉशवर आली. मग मशीनं बदलत गेली. २००६मध्ये मॅक इंटेलच्या चिपवर गेले. २०११च्या लायन आवृत्तीत पॉवरपीसीचे जुने प्रोग्राम चालवायची सोय काढून टाकली. २०१९च्या कॅटालिनाने ३२ बिटचे सगळेच प्रोग्राम बंद केले. जुना बीपी२ तिथेच थांबला. त्यानंतर बीपी३ तयार झाला. तो ओपन सोर्स आहे आणि मॅकशिवाय इतर मशीनवरही चालतो. इंजिन मागे कमांड लाइनवर पळतं, समोरचा चेहरा ब्राउझरमध्ये दिसतो आणि आवाजासाठी मिडी किंवा सीसाउंड वापरतात.

बसवून बघणार असाल तर तीन ठिकाणी अडायची शक्यता जास्त. पहिली, परवानग्या. इंजिन पळतं, एररही येत नाही, पण निकालाची फाइल सापडत नाही. लोकल सर्व्हरला त्या फोल्डरमध्ये लिहायची मुभा आहे का, ते बघा. दुसरी, आवाज. सीसाउंड वेगळं बसवावं लागतं आणि ते नेमकं कुठे आहे हे सांगावं लागतं. तिसरी सगळ्यात गमतीची. जुन्या मॅकवर ओळ संपल्याची खूण वेगळी असायची, त्यामुळे त्या काळातली फाइल आजच्या एडिटरमध्ये कधीकधी एकाच लांबलचक ओळीत उघडते. ती खूण बदलली, की पस्तीस वर्षांपूर्वीचे नियम ओळीने समोर उभे राहतात.

ते वाचता येतात, कारण ते साध्या अक्षरांत लिहिले होते.

याच बर्नार्ड बेलचं दुसरं मोठं काम आपल्या पुणे जिल्ह्यातलं आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बेलने १९९०च्या दशकात ध्वनिमुद्रणं केली, डेटाबेस उभारला. एक लाखाहून जास्त ओव्या त्यात आहेत आणि आज त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर वाचता येतात, ऐकताही येतात. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओवी अक्षरांत राहिली.

पण दोन्हीकडे एक गोष्ट साठवता आली नाही: ‘हे बरोबर, हे चूक’ असं सांगणारा कान. आफाक हुसेन खाँ १९९०मध्ये गेले. त्यांनी मान्य केलेले नियम आजही चालतात. पण त्या नियमांतून निघालेला नवा तुकडा त्यांना पटला असता का, हे कुठल्याच फाइलमध्ये नाही.

म्हणून मी सध्या नारायणगावला जातोय. जुन्नर तालुक्यातलं हे गाव तमाशाची पंढरी, विठाबाईंचं गाव. तिथल्या एका जुन्या ढोलकीवाल्या बाबांनी सांगितल्याप्रमाणे मी नियम लिहितो, बीपी३ त्यातून तुकडे काढतो, मी ते कागदावर लिहून नेतो. परवा बारापैकी चार बाद झाले. एकावर बोट ठेवून ते म्हणाले, “हिशेब बरोबर हाय, पण हात इथनं तिथं जाईल कसा?”

हे वाक्य मी नियमांच्या फाइलमध्ये कॉमेंट म्हणून लिहून ठेवलंय, तारखेसकट. पुढे कधी बीपी३ही चालायचा थांबेल. फाइल उघडेल त्याला निदान कळेल, की हा नियम का बदलला आणि कोणाला विचारून बदलला. बाबा सत्तरी ओलांडलेले आहेत. जत्रांचा हंगाम सुरू झाला की भेटत नाहीत, म्हणून आम्ही उरलेले आठ तुकडे पुढच्या आठवड्यातच संपवायचं ठरवलंय.