पूर्व भागीदारी

यूरोपीय संघ आणि पूर्व यूरोप व दक्षिण कॉकेशस या प्रदेशांतील सहा राष्ट्रे यांच्यामधील राजकीय सहकार्याची व आर्थिक एकात्मीकरणाची योजना. आर्मेनिया, आझरबैजान, जॉर्जिया, बेलारूस, मॉल्दोव्हा व यूक्रेन ही ती सहा राष्ट्रे होत. ७ मे २००९ रोजी प्राग येथे भरलेल्या शिखर परिषदेत या योजनेचा प्रारंभ झाला. त्या वेळी संघाची सदस्यसंख्या २७ होती, तर सहा भागीदार राष्ट्रांची एकत्रित लोकसंख्या सुमारे साडेसात कोटी होती. ही सहाही राष्ट्रे १९९१ पर्यंत सोव्हिएट संघाची घटक प्रजासत्ताके होती. त्यांना संघाची बाजारपेठ व कायदे यांच्या जवळ आणावयाचे, परंतु सदस्यत्वाचे आश्वासन मात्र द्यावयाचे नाही, हे या योजनेचे मूळ सूत्र होते. तिच्या पुढील यशापयशाचा उलगडा बव्हंशी या सूत्रातूनच होतो.

पार्श्वभूमी : सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर यूरोपीय संघाने या राष्ट्रांशी स्वतंत्रपणे भागीदारी व सहकार्य करार केले. यूक्रेन व मॉल्दोव्हा यांच्याशी झालेले करार १९९८ मध्ये, तर दक्षिण कॉकेशसमधील तिन्ही राष्ट्रांशी झालेले करार १९९९ मध्ये अंमलात आले. बेलारूसबरोबरच्या करारावर १९९५ मध्ये सह्या झाल्या. तथापि अलिक्सांद्र लुकाशेन्का यांच्या एकतंत्री कारभारामुळे तो अंमलात आला नाही. हे करार मर्यादित स्वरूपाचे होते. व्यापारविषयक सवलती व राजकीय विचारविनिमय यांपलीकडे त्यांची फारशी मजल नव्हती.

१ मे २००४ रोजी दहा राष्ट्रे संघात सामील झाली. त्यांपैकी आठ राष्ट्रे पूर्वीच्या साम्यवादी गटातील होती. १ जानेवारी २००७ रोजी रूमानिया व बल्गेरिया यांचा प्रवेश झाला. त्यामुळे संघाची सीमा बेलारूस, यूक्रेन व मॉल्दोव्हा यांना जाऊन भिडली आणि या सीमेपलीकडील राष्ट्रांशी कोणते नाते ठेवावयाचे, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे पहिले उत्तर म्हणजे २००४ मधील यूरोपीय शेजार धोरण होय. त्यात मोरोक्कोपासून यूक्रेनपर्यंतची सोळा राष्ट्रे एकाच चौकटीत बसविण्यात आली होती. संघाच्या कराराप्रमाणे कोणतेही यूरोपीय राष्ट्र सदस्यत्वासाठी अर्ज करू शकते. उत्तर आफ्रिकेतील राष्ट्रांना हा मार्ग खुला नाही. या दोन्ही गटांना एकाच मापाने मोजल्याबद्दल यूक्रेनमध्ये नाराजी व्यक्त झाली.

जुलै २००८ मध्ये फ्रान्सच्या पुढाकाराने भूमध्य सामुद्रिक राष्ट्रांचा संघ पॅरिस येथे स्थापन झाला. संघाचे लक्ष व निधी दक्षिणेकडे वळणार, हे तत्पूर्वीच दिसू लागल्यामुळे पोलंड व स्वीडन यांनी मे २००८ मध्ये पूर्वेसाठी स्वतंत्र योजनेचा प्रस्ताव मांडला. पोलंडचे परराष्ट्रमंत्री राडोस्लाव्ह सिकोर्स्की व स्वीडनचे परराष्ट्रमंत्री कार्ल बिल्ट हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते होते. ऑगस्ट २००८ मधील रशिया-जॉर्जिया युद्धामुळे या प्रस्तावास निकड प्राप्त झाली. जानेवारी २००९ मध्ये रशिया व यूक्रेन यांच्यातील दराच्या वादातून यूक्रेनमार्गे होणारा नैसर्गिक वायूचा पुरवठा सुमारे दोन आठवडे बंद पडला आणि ऐन हिवाळ्यात त्याची झळ संघातील अनेक राष्ट्रांना पोहोचली. अशा वातावरणात मार्च २००९ मध्ये संघातील राष्ट्रप्रमुखांनी योजनेस मान्यता दिली.

रचना व कार्यपद्धती : योजनेची द्विपक्षीय व बहुपक्षीय अशी दोन अंगे होती. द्विपक्षीय अंगात तीन गोष्टी प्रमुख होत्या : साहचर्य करार, त्याच कराराचा भाग असलेले सखोल व व्यापक मुक्त व्यापार क्षेत्र आणि नागरिकांना अल्प मुदतीसाठी व्हिसाविना प्रवास करण्याची मुभा. बहुपक्षीय अंगात चार मंच स्थापन झाले. लोकशाही, सुशासन व स्थैर्य, आर्थिक एकात्मीकरण, ऊर्जासुरक्षा आणि लोकांमधील संपर्क असे त्यांचे विषय होते. सीमाव्यवस्थापन, लहान व मध्यम उद्योग, आपत्तिनिवारण, पर्यावरण इ. विषयांवर संयुक्त उपक्रमही आखण्यात आले. सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी शिखर परिषद व दरवर्षी परराष्ट्रमंत्र्यांची बैठक भरविण्याचे ठरले. २००९ मध्ये स्वयंसेवी संस्थांचा नागरी समाज मंच आणि २०११ मध्ये यूरोनेस्ट ही संसदीय सभा यांची त्यांत भर पडली. २०१०–१३ या काळासाठी ६० कोटी यूरोंची तरतूद करण्यात आली; तथापि तीतील ३५ कोटी यूरो एवढीच रक्कम नवी होती.

मुक्त व्यापार क्षेत्राचे ‘सखोल’ हे विशेषण महत्त्वाचे आहे. केवळ जकात उठवून हे क्षेत्र निर्माण होत नाही. मालाची मानके, अन्नसुरक्षा, स्पर्धाविषयक कायदे, सरकारी खरेदी इ. बाबतींत भागीदार राष्ट्राने संघाचे नियम आपल्या कायद्यांत उतरविणे त्यात अभिप्रेत असते. म्हणजेच सदस्य होऊ इच्छिणारे राष्ट्र जी कष्टाची कामे करते, त्यांपैकी पुष्कळशी भागीदार राष्ट्रानेही करावयाची होती. परंतु त्यांच्या शेवटी सदस्यत्व मिळेल अशी हमी नव्हती. पोलंड, स्वीडन व बाल्टिक राष्ट्रे सदस्यत्वाचे दार उघडे ठेवण्याच्या बाजूची होती, तर फ्रान्स, जर्मनी व नेदर्लंड्स यांना पुढील विस्ताराची घाई नको होती. प्रागच्या घोषणापत्रात सदस्यत्वाचा उल्लेख टाळून हा मतभेद झाकण्यात आला. फ्रान्स, ब्रिटन व इटली यांचे सर्वोच्च नेते त्या परिषदेस उपस्थितही नव्हते.

व्हिल्न्यूस परिषद व यूक्रेनमधील संघर्ष : रशियाने या योजनेकडे प्रारंभापासून संशयाने पाहिले. रशिया, बेलारूस व कझाकस्तान यांनी २०१० मध्ये जकात संघ स्थापन केला. जकात संघातील राष्ट्रांना बाहेरील मालावर समान दराने जकात आकारावी लागते. त्यामुळे त्यांतील एखाद्या राष्ट्रास यूरोपीय संघाशी परस्पर मुक्त व्यापार करार करता येत नाही. अशा रीतीने भागीदार राष्ट्रांपुढे दोहोंपैकी एकाचीच निवड करण्याचा प्रसंग आला. ज्याचे स्वरूप तांत्रिक व प्रशासकीय राहील अशी संघाची अपेक्षा होती, ते सहकार्य सत्तास्पर्धेचा विषय बनले.

नोव्हेंबर २०१३ मध्ये लिथ्युएनियाची राजधानी व्हिल्न्यूस येथे तिसरी शिखर परिषद व्हावयाची होती. तीपूर्वी रशियाने भागीदार राष्ट्रांवर दबाव आणला. सप्टेंबरमध्ये मॉल्दोव्हाच्या वाइनच्या आयातीवर बंदी घालण्यात आली. यूरोपीय संघाने तिला उत्तर म्हणून १ जानेवारी २०१४ पासून आपली बाजारपेठ या वाइनला पूर्णपणे खुली केली. आर्मेनियाच्या वाटाघाटी पूर्ण झाल्या होत्या. परंतु संरक्षणासाठी रशियावर अवलंबून असलेल्या या राष्ट्राचे अध्यक्ष सेर्झ सार्गस्यान यांनी ३ सप्टेंबर २०१३ रोजी मॉस्को येथे जकात संघात सामील होण्याचा निर्णय जाहीर केला. २१ नोव्हेंबर रोजी यूक्रेनच्या शासनानेही साहचर्य कराराची तयारी स्थगित केली. परिषदेत केवळ जॉर्जिया व मॉल्दोव्हा यांच्या करारांचे मसुदे आद्याक्षरित झाले.

यूक्रेनच्या निर्णयाविरुद्ध कीव्ह येथील मैदान या चौकात निदर्शने सुरू झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांना रक्तरंजित वळण लागले व अध्यक्ष व्हिक्टर यानुकोव्हिच यांनी देश सोडला. मार्चमध्ये रशियाने क्रिमिया आपल्या राज्यास जोडला आणि त्यानंतर पूर्व यूक्रेनमधील डोनबास प्रदेशात युद्ध पेटले. एखाद्या व्यापारी कराराच्या स्थगितीवरून राज्यक्रांती व युद्ध ओढवावे, ही घटना संघाच्या इतिहासात अपूर्व होती. करार घडविणाऱ्या संघाजवळ या प्रदेशाच्या संरक्षणाची कोणतीही योजना नव्हती. वस्तुतः ट्रान्सनीस्ट्रिया, अबखाझिया, दक्षिण ओसेटिया व नागोर्नो-काराबाख येथील जुने संघर्ष भागीदारीच्या प्रारंभीही अनिर्णित होते. परंतु ते योजनेच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले होते.

सहा राष्ट्रांचे भिन्न मार्ग : यूक्रेनने साहचर्य कराराच्या राजकीय भागावर मार्च २०१४ मध्ये सही केली. २७ जून २०१४ रोजी त्याच्या उर्वरित भागावर, तसेच जॉर्जिया व मॉल्दोव्हा यांच्या करारांवर सह्या झाल्या. या दोन राष्ट्रांचे करार १ जुलै २०१६ पासून, तर यूक्रेनचा १ सप्टेंबर २०१७ पासून पूर्णतः अंमलात आला. यूक्रेनच्या करारास झालेल्या विलंबाचे कारण उद्‌बोधक आहे. एप्रिल २०१६ मध्ये नेदर्लंड्समध्ये त्यावर सल्लादायी सार्वमत घेण्यात आले व बहुमत विरोधात गेले. तेव्हा डिसेंबर २०१६ मध्ये संघातील राष्ट्रप्रमुखांनी, या कराराने यूक्रेनला उमेदवार राष्ट्राचा दर्जा मिळत नाही आणि त्यातून संरक्षणाची हमीही निर्माण होत नाही, असा लेखी खुलासा केला. मूळ सूत्रातील अनुक्त भाग येथे प्रथमच स्पष्ट शब्दांत नोंदविला गेला.

आर्मेनिया २०१५ च्या प्रारंभी यूरेशियन आर्थिक संघाचा सदस्य झाला; तथापि त्याने यूरोपीय संघाशी संबंध तोडले नाहीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुक्त व्यापार वगळून त्याच्याशी वेगळा व्यापक करार झाला. आझरबैजानने साहचर्य करारात रस दाखविला नाही. खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या बळावर त्याने केवळ ऊर्जाव्यवहार वाढविला; कॅस्पियन समुद्रातील त्याचा वायू २०२० च्या अखेरीस नव्या नळमार्गाने इटलीपर्यंत पोहोचू लागला. बेलारूसमध्ये ऑगस्ट २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर निदर्शकांवर दडपशाही झाली. संघाने निर्बंध लादल्यावर जून २०२१ मध्ये बेलारूसने भागीदारीतील आपला सहभाग स्थगित केला. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रूसेल्स येथे झालेल्या शिखर परिषदेत पाचच भागीदार राष्ट्रे सहभागी झाली.

प्रत्यक्ष फलिते : राजकीय चढउतारांच्या मानाने भागीदारीची तांत्रिक कामगिरी कमी परिचित आहे. मॉल्दोव्हाच्या नागरिकांना एप्रिल २०१४ पासून, जॉर्जियाच्या नागरिकांना मार्च २०१७ पासून व यूक्रेनच्या नागरिकांना जून २०१७ पासून शेंगेन क्षेत्रात ९० दिवसांपर्यंत व्हिसाविना राहण्याची मुभा मिळाली. सामान्य माणसाच्या अनुभवास आलेला भागीदारीचा लाभ हाच होय. मॉल्दोव्हाची निम्म्याहून अधिक निर्यात यूरोपीय संघाकडे जाऊ लागली. विद्यार्थी व अध्यापक यांच्या देवाणघेवाणीस चालना मिळाली. मॉल्दोव्हा २०१० मध्ये, यूक्रेन २०११ मध्ये व जॉर्जिया २०१७ मध्ये ऊर्जा समुदायाचे सदस्य झाले आणि आपली वीज व वायू यांची व्यवस्था संघाच्या नियमांनुसार बदलू लागले. या संथ कामाचे महत्त्व पुढे युद्धकाळात प्रत्ययास आले. १६ मार्च २०२२ रोजी, रशियाचे आक्रमण सुरू असतानाच, यूक्रेन व मॉल्दोव्हा यांची विद्युत्‌जाले यूरोप खंडाच्या जालाशी जोडण्यात आली. त्यासाठीची पूर्वतयारी कित्येक वर्षे चालू होती.

२०२२ नंतरची स्थिती : २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने यूक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले. चारच दिवसांनी यूक्रेनने व ३ मार्च रोजी जॉर्जिया आणि मॉल्दोव्हा यांनी सदस्यत्वासाठी अर्ज केले. २३ जून २०२२ रोजी यूक्रेन व मॉल्दोव्हा यांना उमेदवार राष्ट्रे म्हणून मान्यता मिळाली. २०१६ च्या खुलाशास तेव्हा सहा वर्षेही झाली नव्हती. जॉर्जियाला हा दर्जा डिसेंबर २०२३ मध्ये देण्यात आला. जून २०२४ मध्ये यूक्रेन व मॉल्दोव्हा यांच्याशी प्रवेशविषयक वाटाघाटींचा औपचारिक प्रारंभ झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये मॉल्दोव्हातील सार्वमताने सदस्यत्वाचे उद्दिष्ट राज्यघटनेत नमूद करण्यास अल्प मताधिक्याने संमती दिली. याउलट जॉर्जियात परकीय प्रभावाविषयीच्या कायद्यावरून संघाशी वितुष्ट आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील शासनाने २०२८ अखेरपर्यंत वाटाघाटींचा विषय पुढे न आणण्याचे जाहीर केले व त्याविरुद्ध तिब्लिसी येथे दीर्घकाळ निदर्शने झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये आझरबैजानने नागोर्नो-काराबाख ताब्यात घेतल्यावर तेथून एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोकांनी स्थलांतर केले. या प्रसंगी रशियाचे संरक्षण कामी न आल्याने आर्मेनिया यूरोपीय संघाकडे अधिक झुकला. २०२५ मध्ये त्याच्या संसदेने सदस्यत्वाच्या प्रक्रियेस प्रारंभ करण्याविषयीचा कायदा संमत केला.

मूल्यमापन : सहा राष्ट्रांना एका चौकटीत आणणे, हे पूर्व भागीदारीचे वैशिष्ट्य होते, तसेच तिचे वैगुण्यही होते. या राष्ट्रांना जोडणारा दुवा सोव्हिएट भूतकाळाचा होता. भवितव्याविषयीच्या त्यांच्या आकांक्षा भिन्न होत्या. त्यांतील आर्मेनिया व आझरबैजान ही दोन राष्ट्रे तर परस्परांशीच युद्धस्थितीत होती. त्यामुळे बहुपक्षीय सहकार्यापेक्षा द्विपक्षीय करारच प्रभावी ठरले. सदस्यत्वाविषयीची संदिग्धता संघांतर्गत मतैक्यासाठी उपयुक्त होती, कारण तिच्याविना ही योजना बहुधा मंजूरच झाली नसती. परंतु या संदिग्धतेचा भार भागीदार राष्ट्रांना वाहावा लागला. रशियाचा रोष ओढवण्याइतके ते संघाच्या जवळ आले. त्या रोषापासून संरक्षण मिळण्याइतके जवळ मात्र येऊ शकले नाहीत. सदस्यत्वाचा जो प्रश्न २००९ मध्ये प्रागच्या घोषणापत्रातून वगळण्यात आला होता, त्याचे उत्तर यूरोपीय संघाला अखेर युद्धाच्या छायेत द्यावे लागले. ते देणे शक्य झाले, ते मात्र बव्हंशी भागीदारीच्या काळात झालेल्या कायदेविषयक व प्रशासकीय पूर्वतयारीमुळेच होय.