तीच घरे, वर्षानुवर्षे

मनुष्यबळाचा विकास एका भेटीत मोजता येत नाही. सुगीत सुखवस्तू दिसणारे घर अवर्षणात मजुरीस बाहेर पडते. हे ओळखून इक्रिसॅट या हैदराबादनजीकच्या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेने १९७५ साली सहा कोरडवाहू खेडी अभ्यासास घेतली. मराठवाड्यास लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण ही त्यांपैकी दोन. अकोला जिल्ह्यातीलही दोन होती. प्रत्येक गावी चाळीस कुटुंबे निवडली, पैकी दहा शेतमजुरांची. अन्वेषक गावातच राहत आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच उंबऱ्यावर जात.

१९८४ पर्यंतच्या नऊ वर्षांच्या नोंदी पुढे तपासल्या गेल्या, तेव्हा पाहिलेल्या घरांपैकी सुमारे २२ टक्के नऊही वर्षे दरिद्री आढळली. सुमारे ६६ टक्के मात्र कधी दारिद्र्यात उतरत, कधी वर येत. याच अभ्यासाच्या नोंदींवरून १९९७ साली आणखी एक गोष्ट पुढे आली : उत्पन्न घटले की मुलांची शाळेतील हजेरीही घटे. नापिकीची किंमत अशी पुढील पिढी देत होती.

पहिल्या घरांस शिक्षण व कौशल्य यांचा दीर्घ आधार हवा. दुसऱ्यांस दुष्काळात तत्काळ काम. एकाच वर्षाच्या पाहणीत ही दोन्ही घरे एकाच रकान्यात बसली असती.