पुस्तक हातोहात : बीड जिल्ह्यातील कथा-कादंबरीच्या देवघेवीचा मागोवा

बीड जिल्ह्याच्या वाचनपरंपरेविषयी लिहायचे म्हटले की अंबाजोगाईपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’, दासोपंतांचे अफाट लेखन आणि त्यांची ती सुमारे चाळीस फूट लांबीची पासोडी यांना नमस्कार केल्याशिवाय लेख पुढे सरकत नाही. प्रघात गैर नाही. पण कथा-कादंबरीच्या वाचनाचा शोध घेणाऱ्याला तो फार दूर नेत नाही. पोथी घरात राहते, देवघरात राहते. ऐकणारे तिच्याकडे येतात. कादंबरीचे याच्या उलट असते. ती घराबाहेर पडली तरच जगते. कुणीतरी “ही वाच” म्हणून ती दुसऱ्याच्या हाती ठेवतो, तिसरा ती मागून नेतो आणि बहुधा परत करत नाही. मराठवाड्यासारख्या, जिथे पुस्तकाचे दुकान हीच अपूर्वाई होती अशा प्रदेशात, या “ही वाच”चा इतिहास हा वाङ्मयाच्या इतिहासाचाच एक भाग मानला पाहिजे. पुस्तक कोणाकडून कोणाकडे गेले आणि कोणापर्यंत पोचलेच नाही, एवढ्याच दोन प्रश्नांपुरता हा लेख मर्यादित आहे.

१९४८ पर्यंत बीड हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा. कारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. मराठी कादंबरी मात्र छापली जात होती पुण्या-मुंबईला, म्हणजे ब्रिटिश मुलखात. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे आली. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. या साऱ्या घडामोडी बीडकराच्या दृष्टीने सरहद्दीपलीकडच्या. पश्चिमेला आष्टीच्या पुढे नगर जिल्हा लागला की राज्य बदलत असे. त्यामुळे सुटीत पुण्याला गेलेला विद्यार्थी, सासरी आलेली नगरकडची लेक आणि बदलून आलेला मास्तर हेच त्या काळचे पुस्तकविक्रेते, फक्त विनामोबदला काम करणारे.

त्यातच ‘गश्ती निशाण त्रेपन्न’. पूर्वपरवानगीवाचून सार्वजनिक सभा घ्यायची नाही, असा तो हुकूम. राजकीय सभांसाठी काढलेला हुकूम व्याख्यानमालेलाही जाचला आणि वाचनालयाच्या वार्षिकोत्सवालाही. वाचनालय काढणे ही गोष्टच संशयास्पद ठरली. परिणाम असा, की पुस्तकाबद्दलचे बोलणे सभागृहात न होता ओसरीवर आणि वर्गात होऊ लागले. तेव्हा मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईतील योगेश्वरी विद्यालयाचे महत्त्व इथे कळते. हिप्परग्याची शाळा सोडल्यावर स्वामी रामानंद तीर्थ १९३५ च्या सुमारास इथे मुख्याध्यापक म्हणून आले, आणि १९३८ च्या सत्याग्रहापूर्वीची त्यांची वर्षे इथेच गेली. त्या शाळेचा राजकीय वारसा पुष्कळांनी लिहिला आहे. माझ्या मते तिचा वाचनविषयक वारसाही तितकाच मोठा आहे: जिथे पुस्तक सुचवणारी दुसरी कोणतीच संस्था नव्हती, तिथे शिक्षकाचा शब्द हाच ग्रंथपरिचय होता.

एक गोष्ट आपण सहसा विसरतो. उर्दूच्या सक्तीबद्दल जेवढे लिहिले गेले, तेवढे उर्दूतून वाचल्या गेलेल्या कथेबद्दल लिहिले गेले नाही. उस्मानियाच्या पठडीत शिकलेल्या वकील-शिक्षकांच्या पिढीला प्रेमचंद अनुवादाशिवाय वाचता येत होते. शरच्चंद्र मात्र मामा वरेरकरांच्या मराठीतून आले, आणि असे आले की पुष्कळांना ते मराठी लेखकच वाटत. सक्तीचा जाच खरा, तसे हे मिळालेले धनही खरे.

पोलीस कारवाईनंतरचा काळ तुलनेने सुपरिचित आहे. १९५५ मध्ये हैदराबाद राज्याने ग्रंथालय कायदा केला. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९६७ मध्ये महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि अ, ब, क, ड असे वर्ग पडून गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला. रेल्वे जिल्ह्याच्या कडेला परळीपर्यंत होती. बीड शहरात ती २०२५ च्या सप्टेंबरात पोचली. मधली सगळी दशके पुस्तकांचे गठ्ठे एस.टी.च्या टपावरून आले.

या वाचनालयांतून ‘ययाति’, ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’ यांच्या प्रती वाचून वाचून खिळखिळ्या झाल्या. कादंबरी चांगली आहे की नाही हे वाचक तिच्या बांधणीवरून ओळखत, जितकी फाटकी तितकी भरवशाची. ही कसोटी विनोदी वाटेल, पण तिच्यात एक धोका होता. जे आधी वाचले गेले तेच पुन्हा सुचवले जाई. उद्धव शेळक्यांची ‘धग’ किंवा विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ कोरे राहून जाण्याची शक्यता तिथेच दडलेली होती. अशा पुस्तकांना हात धरून बाहेर काढणारा ग्रंथपाल लागतो. जिथे तो भेटला तिथे वाचक घडले.

दुसरी एक साखळी याच काळात उभी राहत होती, ती औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातून. १९५० पासून मराठवाड्यातली दलित मुले तिथे शिकू लागली. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ चा. गंगाधर पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ त्याच दशकाच्या अखेरचे. वसतिगृहाच्या खोलीतून ही पुस्तके सुटीला गावी जात. वेशीबाहेरच्या वस्तीत वाचनालयाची शाखा नव्हती, पण पुस्तक पोचत होते. अभिजात कोणाला म्हणायचे, हा प्रश्न समीक्षेत येण्याआधी या देवघेवीत सुटला होता.

१९८३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अंबाजोगाईला भरले, अध्यक्ष व्यंकटेश माडगूळकर. संमेलनांच्या यादीत ही एक ओळ आहे. मला मात्र ती निवड विलक्षण समर्पक वाटते. १९५५ ची ‘बनगरवाडी’ औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर आलेल्या तरुण मास्तराची गोष्ट. शाळा भरते, तालीम उभी राहते, आणि शेवटी दुष्काळ पडून वाडी रिकामी होते. पुण्यातल्या वाचकाने या शेवटातली कलात्मकता वाखाणली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या, दारांना कुलपे लागलेली पाहिलेल्या जिल्ह्यात तो शेवट ओळखीचा होता. इथे ही कादंबरी सुचवणाऱ्याला तिचे गुण सांगावे लागत नाहीत. “आपल्याकडचीच आहे” एवढे पुरते.

वाडी रिकामी होणे बीडमध्ये अजून संपलेले नाही. दसरा-दिवाळीच्या आसपास लाखोंच्या संख्येने माणसे ऊसतोडीला निघतात. नवराबायकोचा एक कोयता, मुकादमाची उचल, आणि परत यायला मार्च-एप्रिल. आता वाचनालयाचे नियम पाहा. अनामत, मासिक वर्गणी, स्थानिक रहिवाशाची हमी, ठरावीक दिवसांत परतीची तारीख. आधीच उचल घेऊन अंगावर कर्ज असलेल्या माणसाकडे आपण अनामत मागतो. सहा महिने गावाबाहेर असणाऱ्याचे नाव थकबाकीदार म्हणून नोंदवहीत लागणार हे उघड आहे. हे नियम कुणी दुष्टाव्याने केलेले नाहीत. ते एका जागी राहणाऱ्या माणसासाठी केलेले आहेत. पण ज्या जिल्ह्यात इतकी माणसे अर्धे वर्ष बाहेर असतात, तिथे या नियमांनी वाचक कोण हे ठरवून टाकले, आणि आपल्या वाचनसंस्कृतीच्या लेखांनी तो निवाडा मुकाट्याने मान्य केला. दिवाळी अंकांची योजना वाचनालयात सुरू होते त्याच पंधरवड्यात बाहेर रस्त्यावरून बिऱ्हाडांनी भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर जात असतात.

यावर उपाय म्हणून पेट्या वाटा, साखरशाळांत पुस्तके ठेवा, असे सुचवले जाते, ते व्हावेच. पण अनामतीची अट काढणे त्याहून सोपे आहे. हरवलेल्या चार पुस्तकांचा तोटा, कपाटात कोऱ्या राहिलेल्या चारशे पुस्तकांच्या तोट्यापेक्षा मोठा नाही.

तोवर ट्रकमध्ये हमखास चढणारे पुस्तक एकच, मुलांचे पाठ्यपुस्तक. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ या कथेचे उदाहरण घ्या. लेखक मांजरेपलीकडच्या कळंब भागातले. बाजारात भाव न मिळालेले टोमॅटो शेतकरी स्वतःच तुडवतो, इतकीच गोष्ट. शालेय पुस्तकात ती आली आणि कोणत्याही वाचनालयाची पावती न फाडता घरोघर गेली. आजही टोमॅटोचे भाव कोसळले की बाजार समितीच्या ओट्यावर, ज्याने शाळेनंतर एकही पुस्तक उघडलेले नाही असा माणूस शेजाऱ्याला विचारतो, “तो लाल चिखलाचा धडा आठवतो का?” आणि शेजाऱ्याला तो आठवत असतो.