कोपऱ्यातलं नाव

परवा रात्री लातूरहून चुलतभावाचा फोन आला. हा एरवी मिस्ड कॉल देणारा माणूस. त्यामुळे रिंग पूर्ण वाजली तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं.

"आपल्या डाळीचा फोटो चोरलाय रे कुणीतरी. तेच पोतं, तेच आजीचं पितळी मापटं, कडेला माझ्या शर्टाची बाही पण दिसायली. आणि खाली नाव त्यांचं!"

खरं तर मलाही राग यायला हवा होता. पण आधी हसू आलं आणि मग जरा लाज वाटली. कारण त्याच्या दुकानाच्या वेबसाइटवर सगळ्यात पहिला चोरीचा फोटो लावणारा माणूस मीच.

ती गोष्ट अशी. लातूरला गंजगोलाईत भावाचं किराण्याचं दुकान आहे. गोलाई ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: १९१७ सालची गोल, दुमजली इमारत, मध्ये अंबाबाईचं देऊळ आणि तिथून सोळा रस्ते फुटलेले. सराफ, चपला, मिरची, गूळ, जे हवं त्याचा रस्ता वेगळा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे सोळाही रस्ते ओस पडले. भाच्यानं डोकं चालवलं, "मामा, आपण ऑनलाइन विकू." मला संगणकातलं थोडंफार कळतं म्हणून पानं बनवायचं काम माझ्याकडे आलं. तूरडाळ, हळद, तिखट, गूळ. प्रत्येकाला फोटो हवा. मी गुगलवर शोधलं, सुंदर लाकडी वाडग्यातली डाळ सापडली, राइट क्लिक केलं, सेव्ह केलं. फोटोच्या उजव्या कोपऱ्यात पुसटसं नाव होतं. ते मी कापून टाकलं. दोन सेकंदांचं काम. त्या दोन सेकंदांत आपण काही करतोय असं मनातसुद्धा आलं नाही.

२०२२ मध्ये मेल आला. फोटो अमुक एका संस्थेच्या मालकीचा आहे, परवानगी दाखवा, नाहीतर भरपाई द्या. आधी वाटलं, फसवणुकीचा असेल. मग ओळखीच्या वकिलांना दाखवला, तर ते म्हणाले की मागितलेला आकडा फुगवलेला आहे, पण फोटो त्यांचाच आहे. घासाघीस करून प्रकरण मिटवलं. रक्कम सांगत नाही. तेवढ्यात एक बरा सेकंडहँड कॅमेरा आला असता, इतकंच सांगतो.

त्यानंतर भाच्यानं दुकानातच, खऱ्या पोत्यावर खरी डाळ ठेवून मोबाइलवर फोटो काढले. परवा चोरीला गेला तो त्यातलाच एक.

फोन ठेवल्यावर झोप येईना. जाहिरातीसाठी दुसऱ्याचं चित्र उचलायचं हे काही इंटरनेटनं शिकवलेलं नाही. आमच्या देवघरातच त्याचा पुरावा टांगलेला आहे.

नांदेडच्या घरी देवघरात कमळावर उभी असलेली लक्ष्मी आहे. काच तडकलेली, रंग उडालेले. ती रविवर्म्याची आहे असं आजी सांगायची. राजा रविवर्मानं १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला. दगडावर चित्र उतरवायचं, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे. मुंबईत प्लेग आला आणि छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. चित्रं छापण्याचे हक्कही त्याच्याबरोबर गेले. म्हणजे चित्र वेगळं आणि ते छापण्याचा हक्क वेगळा, ही गोष्ट तेव्हाच्या बाजारालाही पक्की ठाऊक होती.

पण ठाऊक असणं वेगळं आणि पाळणं वेगळं. या चित्रांच्या नकला भराभर निघाल्या. दुसऱ्या छापखान्यांनी तीच लक्ष्मी, तीच सरस्वती पुन्हा दगडावर उतरवली. कुणी साडीचा रंग बदलला, कुणी मागचा हत्ती गाळला. समोर दिसतं तसंच दगडावर काढलं की छापताना उजव्याचं डावं होतं, म्हणून काही नकला आरशातल्यासारख्या उलट्या. मग हीच देवमंडळी साबणाच्या, औषधांच्या जाहिरातींवर आली, काडेपेटीवर आली. विलायतेतून येणाऱ्या कापडाच्या ठाणावर चिकटवलेल्या रंगीत छापांवरही आपले देव असत. अक्षर न वाचता येणारं गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखायचं, त्यामुळे व्यापाऱ्याच्या दृष्टीनं चित्र म्हणजेच दुकानाची पाटी.

आमची लक्ष्मी मी मध्ये एकदा फ्रेममधून काढून पाहिली. खालचा काठ कापलेला आहे. छापखान्याचं नाव असतं ते नेमकं तिथेच. फ्रेममध्ये बसावी म्हणून कापली असेल. ती मळवलीची की कुणाच्या नकलेची, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

इथे एक कबूल करायला हवं. या नकला निघाल्या नसत्या तर निजामाच्या राज्यातल्या नांदेडच्या एका साध्या घरात लक्ष्मी पोचली असती का, याची मला शंका आहे. मूळ तैलचित्रं राजेरजवाड्यांच्या भिंतींवर होती. आजीपर्यंत आली ती छापील प्रत, कदाचित नकलेची नक्कल. त्यामुळे नक्कल म्हटली की लगेच कानावर हात ठेवणं मला जमत नाही. पण तो कापलेला काठ मात्र सलतो.

त्यानंतरचा काळ कॅलेंडरांचा. रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल, आणि आमच्या बाजूचे म्हणायचे तर गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित. या माणसांनी आपल्या घरांच्या भिंती रंगवल्या. दुकानदारांची कॅलेंडरं कशी बनायची हे काकांनी सांगितलेलं. दसऱ्याच्या सुमारास एजंट यायचा. त्याच्याकडे नमुन्यांचा जाडजूड आल्बम. शिव-पार्वती, बाळकृष्ण, शिवाजी महाराज, गुरू गोविंदसिंग. नांदेडात गुरूंचं चित्र नसेल तर कॅलेंडर कोण टांगणार! चित्र पसंत करायचं, खालच्या कोऱ्या पट्टीवर दुकानाचं नाव छापून घ्यायचं, त्याखाली तारखांचा गठ्ठा. चित्रकाराची सही खालच्या कोपऱ्यात असायची. अक्षरं मोठी हवी असली की पट्टी वर सरकायची आणि सही तिच्याखाली जायची. कुणाच्या मनात पाप नव्हतं. दुकानाचं नाव मोठं हवं होतं, एवढंच.

आता आजोबांची गोष्ट. ही घरात फारशी सांगितली जात नाही. आत्यानं वाचलं तर ती रागावेल कदाचित, पण सांगतो.

आजोबांचा नांदेडला वजिराबादेत फोटो स्टुडिओ होता. मागे रंगवलेला पडदा, पुढे लाकडी खुर्ची, आत डार्करूम आणि हायपोचा वास. निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं रिटचिंग करताना आजोबा श्वास रोखून धरायचे. प्रत्येक फोटोच्या माउंटवर उजव्या कोपऱ्यात दाबाचा उठावदार शिक्का. शाई नाही, नुसता उठाव. बोट फिरवलं की नाव लागायचं.

दुकानाबाहेर शोकेस होती. त्यात चांगले उतरलेले फोटो लावायचे, हीच काय ती जाहिरात. १९६१ च्या सुमारास त्यात एका नवरीचा फोटो लागला. नऊवारी, नथ, हातानं रंगवलेला. आजोबांच्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो. दीडेक वर्षानं लातूरच्या एका पाहुण्यानं कॅलेंडर आणून दिलं, तिथल्याच एका कापडाच्या दुकानाचं. वर तीच नवरी. शिक्का गायब. खाली दुकानाचं नाव आणि लग्नाचा बस्ता स्वस्तात मिळेल वगैरे.

आजोबा तडक लातूरला गेले. दुकानदारानं चहा पाजला आणि सांगितलं, "फोटो आम्हाला एकानं दिला, आम्ही ब्लॉक करून घेतला. त्यात काय एवढं? तुमच्या फोटोचं नाव झालं की." आजोबा म्हणाले, "माझं नाव कुठाय त्याच्यावर?" भांडण नांदेडपर्यंत आलं. दुकानदार एकदा खरेदीला आला असताना स्टुडिओत पुन्हा वाजलं. आणि नेमके तेव्हाच त्या मुलीचे वडील दारात उभे. त्यांनाही कॅलेंडर मिळालं होतं, मुलीच्या सासरहून.

ते म्हणाले ते वाक्य आमच्या घरात काकांनी जपून ठेवलंय. "तुम्ही दोघं फोटो कुणाचा म्हणून भांडायलाव. पोरगी कुणाची, ते कुणी इचारलं का?"

दोघंही गप्प.

मी हे काकांकडून ऐकलं तेव्हा मला ती नुसती अब्रूची गोष्ट वाटली होती. मेल आला त्या वेळी कायदा वाचायला बसलो आणि चाटच पडलो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, अंमल २१ जानेवारी १९५८ पासून. त्यातलं सतरावं कलम सांगतं की कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा काही करार नसला, तर त्याचा पहिला मालक पैसे देणारा. पैसे दिले होते मुलीच्या वडिलांनी. म्हणजे लातूरचा दुकानदार चुकला होताच, पण शोकेसमध्ये विचारल्याशिवाय फोटो लावणारे आमचे आजोबाही चुकले होते. ज्यांना कायद्याचं अक्षर माहीत नव्हतं ते वडील तेवढे बरोबर होते.

कायदा वाचता वाचता आणखी काही गोष्टी कळल्या. दुकान चालवणाऱ्यांच्या उपयोगाच्या आहेत म्हणून थोडक्यात सांगतो. फोटोची कुठे नोंदणी करावी लागत नाही, तो काढला की हक्क तयार होतो. अभ्यास, समीक्षा, बातमी यांना कायदा सवलत देतो, माल विकायच्या जाहिरातीला ती मिळत नाही. चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोलाही तोच हिशोब आहे. रविवर्मा १९०६ मध्ये गेला, त्याची चित्रं आज कुणीही वापरावीत. निजामाचा छायाचित्रकार राजा दीनदयाळ १९०५ मध्ये गेला, त्याचे फोटोही मोकळे. पण दलाल १९७१ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ संपेपर्यंत आहे. मुळगावकर १९७६ मध्ये गेले, त्यांचा २०३६ पर्यंत. जुनं दिसतं म्हणून ते सगळ्यांचं असं नसतं.

आणि कोपऱ्यातलं नाव? सत्तावन्नाव्या कलमानं चित्र विकून टाकलं तरी ते माझं आहे असं सांगायचा कर्त्याचा हक्क शाबूत राहतो. २०१२ च्याच दुरुस्तीनं आणखी एक कलम आलं: चित्राबरोबर डिजिटल रूपात जोडलेली कर्त्याची, मालकाची माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढून टाकणं हा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. ते वाचताना मला ते दोन सेकंद आठवले.

उलट बाजूही आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाच्या परवान्याखाली जगभरातल्या लोकांनी लाखो फोटो वापरायला मोकळे ठेवलेत. त्यातले बरेचसे धंद्यासाठीही चालतात, काही चालत नाहीत, ते वाचून घ्यायचं. बहुतेकांची अट एकच: काढणाऱ्याचं नाव लिहा. पैसे नकोत, नाव लिहा. नेमकं तेच आम्हाला जड जातं.

असो. आजोबांनी त्या दिवशी शोकेस रिकामी केली. काका सांगतात, महिनाभर काच नुसती पुसलेली, आत काही नाही. मग त्यांनी स्टुडिओच्या वहीत एक रकाना वाढवला. नाव, साइज, आगाऊ रक्कम, बाकी, आणि शेवटी "काचेत लावू?". त्याखाली हो किंवा नाही, आणि गिऱ्हाइकाची सही किंवा अंगठा. ती वही माझ्याकडे आहे. पानंच्या पानं "नाही" आहे. अधूनमधून एखादं "हो", आणि त्यापुढे आजोबांच्या अक्षरात छोटीशी बरोबरची खूण. त्या नवरीचा फोटो पुन्हा कधी लागला नाही. निगेटिव्ह त्यांनी तिच्या वडिलांना नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाला फोन केला. तो अजून तापलेलाच होता. म्हटलं, आधी त्या दुकानाला साधा मेल पाठवू, फोटो आमचा आहे, काढा किंवा विचारा. नाही ऐकलं तर वेबसाइटवाल्यांकडे रीतसर तक्रार करू, मूळ फाइल तारखेसकट आपल्याकडे आहेच. मग त्याला विचारलं, "आपल्या साइटवर हळदीच्या पानावर जो शेताचा फोटो आहे, तो कुणाचा रे?"

पलीकडे जरा वेळ शांतता.

"तो तूच लावला होतास," तो म्हणाला.

खरं होतं. आज सकाळी तो काढला. नांदेडजवळ अर्धापूरच्या बाजूला आमच्या ओळखीच्या एकाचं हळदीचं शेत आहे, रविवारी तिकडे जाऊन फोटो काढायचाय. त्यांना आधी फोन करून विचारलं, लावू का म्हणून. ते हसले. म्हणाले, "शेताला कुणी इचारतंय का?"